एन्ड्युरन्स सिम रेसिंग: किती लिटर, किती टायर, किती थांबे

आयरेसिंगवर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या रेसिंग सिम्युलेटरवर (सिमवर), डेटोना २४ तास किंवा स्पा २४ तास अशी मोठी स्पर्धा पहिल्यांदाच करणारी टीम आधीचे कित्येक आठवडे एकाच गोष्टीच्या मागे असते: वेग. कुणाचा सेटअप घ्यायचा, कुठल्या वळणात दोन दशांश सेकंद सापडतात, कोण कितीचा लॅप (ट्रॅकचा एक फेरा) मारतो. मग रेसच्या तिसऱ्या तासाला गाडी इंधन-टायरसाठी पिट लेनकडे वळते, ड्रायव्हर डिस्कॉर्डवर (टीमच्या व्हॉइस चॅटवर) विचारतो, "किती लिटर भरू रे?" आणि चॅनलवर सगळे गप्प. लॅपमागे दोन दशांश म्हणजे सहा तासांत तीसेक सेकंद. तेवढे सेकंद एक चुकलेला स्टॉप सहज गिळतो.

माझं मत सरळ आहे. किती वेळा थांबायचं हे इंधन ठरवतं, आणि टायर त्या थांब्यांमध्ये बसवून घ्यायचे असतात. टायरपासून विचार सुरू केला की हिशेब हमखास विस्कटतो.

उदाहरणासाठी आपण स्पा-फ्रँकोरशाँवरची ६ तासांची जीटी३ (रेसिंगसाठी बदललेल्या स्पोर्ट्सकारच्या वर्गाची) रेस घेऊ. ट्रॅक ७.००४ किलोमीटरचा, लांब चढ, वेगवान वळणं आणि हवामानाचा भरवसा नाही. खाली येणारे लॅप टाइम, लिटर आणि सेकंद हे हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. तुमच्या गाडीचे, तुमच्या सिमचे आकडे वेगळे येतील. रीत मात्र हीच.

गाडीत बसण्याआधी नियम वाचा

पहिला प्रश्न: इंधन भरत असतानाच टायर बदलता येतात का? खऱ्या रेसिंगमध्येही यावर एकमत नाही. डब्ल्यूईसी या जागतिक एन्ड्युरन्स मालिकेत, म्हणजे ल माँलाही, इंधन भरून झाल्याशिवाय टायरना हात लावता येत नाही. अमेरिकेतल्या इम्सा मालिकेत दोन्ही कामं एकत्र चालतात. सिममध्ये हे गाडीप्रमाणे, सिरीजप्रमाणे आणि कधी कधी एखाद्या अपडेटनंतरही बदलतं. त्यामुळे दोन वर्षांपूर्वीच्या यूट्यूब व्हिडिओवर विसंबू नका. प्रॅक्टिस सेशनमध्ये तीन स्टॉप घ्या: एकदा फक्त इंधन, एकदा फक्त चार टायर, एकदा दोन्ही. तिसरा वेळ पहिल्या दोनपैकी मोठ्या वेळेइतका आला तर कामं एकत्र होतात. दोघांच्या बेरजेइतका आला तर एकामागून एक. पुढचा सगळा टायरचा निर्णय या उत्तरावर उभा आहे.

बाकीचे नियमही तेव्हाच तपासा. बीओपीमुळे (गाड्यांचा समतोल राखणाऱ्या नियमामुळे) टाकी पूर्ण भरता येते की मर्यादा घातली आहे? टायरचे सेट मोजके आहेत का? ल माँ अल्टिमेट या सिममध्ये ते मोजकेच मिळतात. असेट्टो कोर्सा कॉम्पेटिझिओने या सिमच्या सर्व्हरवर सक्तीचे स्टॉप आणि एका ड्रायव्हरच्या स्टिंटची (दोन थांब्यांमधल्या सलग धावेची) कमाल वेळ लावलेली असू शकते. आयरेसिंगच्या टीम इव्हेंटमध्ये प्रत्येक ड्रायव्हरला समान वाट्याच्या किमान पाव लॅप चालवाव्या लागतात. टीमच्या एकूण ६०० लॅप झाल्या आणि ड्रायव्हर चार असतील तर समान वाटा १५०, त्याचा पाव साडेसदतीस, म्हणजे ३८ लॅप. एका स्टिंटमध्ये २८ लॅप होत असतील तर "तू फक्त एकच स्टिंट कर" असं कुणालाच सांगता येणार नाही.

प्रॅक्टिसमध्ये काय मोजायचं

इंधनाचा खप मोजताना क्वालिफायिंगच्या जोशात मोजू नका. टाकी पूर्ण भरा, रेसच्या वेगाने दहा-बारा लॅप सलग चालवा, पिटमधून निघालेली लॅप वगळा आणि बाकीच्यांची सरासरी काढा. हे प्रत्येक ड्रायव्हरचं वेगळं करा. एकाच गाडीत, जवळपास तेवढ्याच लॅप टाइममध्ये दोघांच्या खपात लॅपमागे एक दशांश लिटरचा फरक सहज दिसतो. कारण ब्रेक कधी लावला यापेक्षा अ‍ॅक्सिलरेटर कधी सोडला, ही ज्याची त्याची सवय असते. टीमचं नियोजन सगळ्यात जास्त इंधन जाळणाऱ्या ड्रायव्हरच्या आकड्यावर करावं, सरासरीवर नाही.

मग इंधन सेकंदाला किती लिटर भरलं जातं ते पाहा. अर्धी टाकी भरून लिटर लागलेल्या वेळेने भागले की झालं. पिट लेनमधून नुसतं जाऊन येण्यात किती वेळ जातो तेही हवं: न थांबता पिट लेनमधून एकदा जा, आत शिरतानाची आणि बाहेर पडतानाची अशा दोन लॅपच्या बेरजेतून दोन साध्या लॅप वजा करा.

उरला टायरचा आकडा, आणि तो फसवा आहे. १०४ लिटर पेट्रोल म्हणजे साधारण ७५ ते ८० किलो वजन. स्टिंट पुढे सरकतो तशी गाडी हलकी होते, म्हणजे वेगवान व्हायला हवी. लॅप टाइम सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखेच येत असतील तर "टायर मस्त टिकतायत" असं समजू नका. इंधनाने दिलेला फायदा टायर खात आहेत. हे वेगळं करायचं तर एक पूर्ण स्टिंट चालवा, त्याच जुन्या टायरवर टाकी परत भरा आणि तीन-चार लॅप काढा. स्टिंटच्या सुरुवातीच्या लॅपशी तुलना करा. वजन तेच, फरक फक्त टायरचा. त्या फरकाला झालेल्या लॅपने भागलं की एका लॅपमागे टायर किती मागे पडतो ते कळतं.

कागदावरचा हिशेब

आपले धरलेले आकडे असे: लॅप २ मिनिटं १८ सेकंद, म्हणजे १३८ सेकंद. खप लॅपला ३.७ लिटर. टाकी १०४ लिटर. इंधनाचा वेग सेकंदाला २.६ लिटर. पिट लेनचा तोटा ३० सेकंद.

१०४ भागिले ३.७ म्हणजे २८.१. एका टाकीत २८ लॅप, उरतात जेमतेम ०.४ लिटर. पहिल्या स्टिंटमध्ये फॉर्मेशन लॅपचंही (रेस सुरू होण्याआधीच्या फेरीचंही) इंधन जळतं, त्यामुळे तिथे २७ धरा. नवख्या टीम नेमक्या इथे अडकतात: २८ चा आकडा पहिल्याच स्टिंटला लावतात आणि गाडी ब्लांशिमाँ वळणाच्या आसपास गचके खायला लागते.

६ तास म्हणजे २१,६०० सेकंद. न थांबता १५६ लॅप झाल्या असत्या, म्हणजे पाच टाक्यांत भागत नाही, सहा स्टिंट लागतात, पाच स्टॉप. पहिल्या चार स्टॉपला पूर्ण टाकी. २७ आणि चार वेळा २८ मिळून पाचव्या स्टॉपपर्यंत १३९ लॅप होतात. समजा रेस १५५ लॅपची होणार. मग शेवटी १६ लॅपचं इंधन हवं, ५९.२ लिटर, आणि एका लॅपचं राखीव धरून ६३. पाच स्टॉपमध्ये मिळून ४७९ लिटर भरायचे, त्याला १८४ सेकंद. पिट लेनचे १५० धरले की थांब्यांचा एकूण तोटा ३३४ सेकंद. उरलेला वेळ १३८ ने भागला की येतात १५४.१ लॅप. म्हणजे घड्याळ शून्यावर येतं तेव्हा गाडी नुकतीच १५५ वी लॅप सुरू करून ला सूर्स या पहिल्या वळणाच्या पुढे गेलेली असते, आणि ती लॅप पूर्ण करावी लागते.

तो ०.१ लक्षात ठेवा. तो फक्त चौदा सेकंदांचा आहे. एक गिरकी, दोन वेळा ट्रॅफिकमध्ये अडकणं, आणि रेस १५४ लॅपची होते. हिशेब रेसआधी एकदा करून ठेवायचा नसतो, तो प्रत्येक स्टॉपनंतर परत करायचा असतो, तो यासाठी.

इंधन वाचवावं का?

"पाय उचलून चालव, इंधन वाचव" हा सल्ला सगळे देतात. कशासाठी, ते क्वचितच कुणी सांगतं.

वाचलेला प्रत्येक लिटर पिटमध्ये भरावा लागत नाही, म्हणून १ भागिले २.६, म्हणजे ०.३८ सेकंद मिळतात. लॅपला ०.१ लिटर वाचवला तर लॅपमागे मिळकत फक्त चार शतांश सेकंद. पाय लवकर उचलून त्याहून जास्त वेळ गेला, आणि बहुतेकांचा जातो, तर तुम्ही तोट्यात आहात. वाचवण्यात अर्थ तेव्हाच, जेव्हा त्यामुळे एक अख्खा स्टॉप गायब होतो.

सहा तासांच्या रेसमध्ये पाच स्टॉपचे चार करायचे तर एका टाकीत ३१ लॅप हव्यात, म्हणजे खप ३.३५ वर आणायला हवा. लॅपला ०.३५ लिटर कमी. मिळतील काय? पिट लेनचे ३० सेकंद आणि न भरलेल्या इंधनाचे साधारण २१, मिळून ५१ सेकंद. १५५ लॅपमध्ये वाटले की लॅपमागे ०.३३. म्हणजे एक तृतीयांश सेकंदापेक्षा कमी गमावून तिसरा हिस्सा लिटर वाचवायचा, सहा तास, प्रत्येक ड्रायव्हरने. मी तरी हा नाद सोडेन आणि सगळ्यांना पूर्ण वेगाने चालवू देईन.

आता हीच गाडी २४ तासांना लावा. २१ स्टॉप, प्रत्येकी सुमारे ७० सेकंद, म्हणजे १,४७० सेकंद गेले. ८६,४०० मधून ते वजा करून भागलं की ६१५.४, म्हणजे ६१६ लॅप. २१ स्टॉपमध्ये किती लॅप होतात? २७ अधिक २१ गुणिले २८, बरोबर ६१५. एका लॅपने कमी! त्या एका लॅपसाठी शेवटी पिटमध्ये शिरावं लागेल आणि तीसपेक्षा जास्त सेकंद जातील. इथे उपाय काय, तर चोवीस तासांत कुठेतरी एका, फक्त एका स्टिंटमध्ये २८ ऐवजी २९ लॅप काढणे. त्या स्टिंटपुरता खप ३.७ वरून ३.५८ वर आणायचा. रात्री ट्रॅफिक विरळ असताना, ज्याचा पाय मुळातच हलका आहे त्याच्याकडे हे काम द्या आणि बाकीच्यांना कटकट करू नका. शिवाय हा हिशेब काठावरचा आहे, सावधगिरीचं इंधनही लागेल, म्हणून मी असे दोन स्टिंट ठेवीन.

वाचवायचंच असेल तेव्हा कसं? लांब सरळ रस्त्याच्या टोकाला पूर्ण वेगात असताना शेवटचे पन्नासेक मीटर गाडी नुसती सोडून द्यायची आणि मग ब्रेक. इंधन सगळ्यात जास्त तिथे जळतं आणि वेळ सगळ्यात कमी जातो. स्पावर अशा जागा तीन: केमेल स्ट्रेट संपून ले कोंब येण्याआधी, बस स्टॉप शिकेनआधी आणि ला सूर्सआधी. पूआँसारख्या वेगवान वळणात पाय उचलू नका, तिथे गेलेला वेग पुढच्या सरळ रस्त्यापर्यंत परत येत नाही. केमेलवर पुढच्या गाडीच्या मागे हवेच्या आडोशाला राहिलात तर इंधन फुकटच वाचतं. ओव्हरटेक एक लॅप पुढे ढकलणं हेही धोरणच आहे.

टायर बदलायचे की तेच चालवायचे

कामं एकत्र होत असतील तर फार डोकं लावू नका. १०४ लिटर भरायला ४० सेकंद लागतात, चार टायरना समजा २५. टायर फुकटात मिळतायत, घ्या. सेट मोजके असतील तरच हात आखडता घ्यायचा. लक्ष द्यायचं ते छोट्या स्टॉपकडे: शेवटी फक्त २० लिटर भरायचे असतील तर ते आठ सेकंदांत होतात आणि टायरचे उरलेले सतरा सेकंद खिशातून जातात.

कामं एकामागून एक होत असतील तर साधं सूत्र आहे. लॅपमागची घसरण, गुणिले टायरवर आधीच झालेल्या लॅप, गुणिले पुढे चालवायच्या लॅप. एवढे सेकंद जुने टायर खाणार. घसरण ०.०३ सेकंद असेल, टायरवर २८ लॅप झाल्या असतील आणि पुढे २८ असतील, तर २३.५ सेकंद. नव्या टायरचा खर्च २५, वर थंड टायरवरच्या पहिल्या लॅपचे दोनेक सेकंद, म्हणजे २७. जुनेच ठेवा. घसरण ०.०४ असेल तर ३१.४, आता बदला. एका शतांशाने निर्णय उलटतो, म्हणून वरचं मोजमाप नीट करा म्हटलं. शेवटच्या स्टॉपला पुढे फक्त १६ लॅप आहेत: ०.०३ गुणिले २८ गुणिले १६, तेरा सेकंद. टायरला हात लावू नका.

हे सूत्र टायर एकसारखा झिजतो असं धरून चालतं. प्रत्यक्षात एका मर्यादेनंतर तो अचानक कोसळू शकतो. दोन स्टिंट एकाच सेटवर काढायचं ठरलं तर प्रॅक्टिसमध्ये एकदा तरी सलग ५६ लॅप काढून बघा, कंटाळवाणं आहे तरी. दुपारी न जमणारं रात्री ट्रॅक थंड झाल्यावर जमून जातं. आणि चारही बदलायलाच हवेत असं नाही. पूआँचं लांबलचक डावं वळण उजव्या बाजूच्या टायरवर, विशेषतः पुढच्यावर भार टाकतं. सिम परवानगी देत असेल तर फक्त एक बाजू बदलून निम्मा वेळ वाचवता येतो. आयरेसिंगमध्ये झीज किती झाली ते चालवताना दिसत नाही, स्टॉपनंतरच कळतं. त्यामुळे प्रत्येक सेटची झीज कुणीतरी शीटमध्ये लिहायलाच हवी.

प्रेशरबद्दल थोडक्यात. असेट्टो कोर्सा कॉम्पेटिझिओनेमध्ये १.९ आवृत्तीपासून जीटी३ च्या ड्राय टायरना गरम झाल्यावर २६ ते २७ पीएसआय मानवतं. दुपारी बसवलेलं थंड प्रेशर मध्यरात्री कमी पडतं, म्हणून रात्रीच्या सेटसाठी वेगळा आकडा आधीच लिहून ठेवा. आयरेसिंगमध्ये वेगळंच गणित आहे, तिथे बहुतेकदा किमान परवानगीच्या आसपास सुरुवात होते.

पाऊस आला की वरचं सगळं हलतं. आयरेसिंगमध्ये तो मार्च २०२४ पासून आहे. ओल्यात पाय जपून पडतो, खप घटतो आणि लॅप लांबते, त्यामुळे तीच टाकी मिनिटांच्या हिशेबात बरीच जास्त पुरते. ढग दिसत असतील तर स्टॉप दोन लॅप पुढे ढकलण्याइतकं इंधन टाकीत असणं फार मोलाचं, कारण मग इंधन आणि वेट टायर एकाच थांब्यात होतात. वाळत्या ट्रॅकवर वेट टायर तापतात. सरळ रस्त्यावर ओल्या पट्ट्यातून गाडी नेली तर आणखी थोडे चालतात.

ल माँ अल्टिमेट असेल तर

तिथे लिटरबरोबर व्हर्च्युअल एनर्जीही (स्टिंटमध्ये वापरायच्या ऊर्जेची नियमाने ठरवलेली मर्यादा) असते, टक्क्यांत. हायपरकार आणि एलएमजीटी३ या दोन्ही वर्गांचा स्टिंट सहसा तीच संपवते. वरच्या सगळ्या हिशेबात लिटरच्या जागी टक्के घाला. फ्युएल रेशो (एनर्जीच्या प्रमाणात भरायचं इंधन) असा लावा की एनर्जी संपताना टाकीत जेमतेम थोडं उरलेलं असेल. जास्तीचं इंधन म्हणजे उगाच वाहिलेलं वजन.

कोण कधी चालवणार

आयरेसिंगच्या मोठ्या स्पर्धांचा शनिवारी जीएमटी १२ चा स्लॉट भारतात संध्याकाळी साडेपाचला येतो आणि २४ तासांची रेस रविवारी साडेपाचला संपते. म्हणजे रात्री दोन ते सहा हा आपल्या झोपेचा ऐन वेळ स्टिंटमध्येच जातो. तुमचा एखादा गडी अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात असेल तर ते तास त्याच्याकडे द्या. एकाने सलग दोन स्टिंट केले की झोपेचे तुकडे मोठे होतात. इंधनाचा हिशेब बघणारा आणि पुढचा ड्रायव्हर एकच असू नये.

आणि वीज. यूपीएस फक्त कॉम्प्युटरला लावून उपयोग नाही, राउटरलाही लावा. ट्रॅकवर संपर्क तुटला की गाडी टो होऊन (ओढून आणली जाऊन) पिटमध्ये येते. नूर्बुर्गरिंगसारख्या लांब ट्रॅकवर हा वेळ काही मिनिटांत मोजावा लागतो. इंधन संपलं तरी तेच.

शेवटचा तास

मल्टीक्लास, म्हणजे वेगवेगळ्या वर्गांच्या गाड्यांच्या रेसमध्ये झेंडा पडतो तो सगळ्यात पुढच्या प्रोटोटाइपसाठी (सगळ्यात वेगवान वर्गाच्या गाडीसाठी). तो रेषा ओलांडेल त्यानंतर तुमची चालू लॅप शेवटची. म्हणजे तुमच्या लॅपचा आकडा तुमच्या घड्याळावर नाही, त्याच्या घड्याळावर ठरतो. शेवटचा तास लागला की एकाने फक्त एवढंच बघायचं: आघाडीची गाडी किती सेकंद राखून रेषा ओलांडेल आणि ती आपल्याला झेंड्याआधी आणखी एकदा ओलांडून जाईल का. उत्तर काठावरचं असेल तर एक लॅप जास्तीची धरा. ३.७ लिटरला दीड सेकंदही लागत नाही, टो येण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त.

आकडा ठरला की तो शेवटच्या स्टॉपच्या दोन लॅप आधीच ड्रायव्हरला सांगा, आणि त्याच्याकडून परत म्हणवून घ्या. ऑटोफ्युएल (इंधन आपोआप ठरवणारी सोय) बंद आहे, टायरच्या चारही खुणा काढलेल्या आहेत, विंडशील्ड साफ करून हवी की नको, हे त्याने केमेलवर तपासायचं, पिट लेनमध्ये नाही. बॉक्समधून निघाल्यावर टाकीत प्रत्यक्ष किती आहे ते विचारा आणि ते उरलेल्या लॅपने भागा. ३.७ च्या वर आलं तर मोकळं सोडा. ३.६ आलं तर पहिल्याच लॅपपासून तीन जागी पाय उचलायला लावा, शेवटच्या पाच लॅपची वाट बघत बसू नका. सोळा लॅपवर पसरलेला दीड लिटर सहज सापडतो, पाच लॅपमध्ये तो सापडत नाही.